सव्वापाचातून पावणेतीन

जुलैचा दुसरा सोमवार, शाळा सुटल्यानंतर. स्थळ: संगणक कक्ष, पहिला मजला. उपस्थित: प्राचार्या माथुर मॅडम, गणिताचे शिक्षक बनवारीजी, शिकवण्याचं ॲप पुरवणाऱ्या कंपनीकडून आलेला तरुण, नाव पुनीत, आणि मी, शाळेची डिजिटल समन्वयक. अनुपस्थित: वीज. त्यामुळे मोठा पडदा बंद होता, आणि पुनीतच्या लॅपटॉपवरचा आलेख आम्ही एकाच बाकाशी दाटीवाटीने बसून पाहिला.

बैठकीची नोंद मी नेहमी अशीच सुरू करते. कोण हजर होतं हे आधी लिहून ठेवलं की पुढे "असं काही ठरलंच नव्हतं" म्हणणारे कमी होतात.

मी मूळची मिरजेची. नवरा भूलतज्ज्ञ. त्याला जयपूरच्या रुग्णालयात काम मिळालं म्हणून इथे आलो आणि राहिलो. शास्त्री नगरमधून रोज स्कूटरने वैशाली नगरच्या या शाळेत येते. आधी संगणक शिकवत असे. वर्गांत फळ्याशेजारी पडदे आले तसं माझं पद बदललं, खोली बदलली, आणि हातात एक चाव्यांचा जुडगा आला.

मिरजेला गेले की नातेवाईक विचारतात, नक्की करतेस काय? बहुतेकांना वाटतं मी प्रोजेक्टर दुरुस्त करते. तेही करते. संक्रांतीच्या दिवसांत सगळं शहर गच्चीवर चढून पतंग उडवतं, तेव्हा आमच्या इंटरनेटच्या तारेत मांजा अडकतो. तो काढायला शिपायाला शिडी देऊन उभी राहते. पण खरं काम वेगळं आहे. शिक्षकाला जे शिकवायचं आहे त्यातलं काय पडद्यावर जावं आणि काय वर्गातच राहावं, हे त्याच्याबरोबर बसून ठरवणं. आमच्याकडे पद्धत अशी की धडा समजावून सांगणारा छोटा व्हिडिओ मुलं आदल्या संध्याकाळी घरी पाहतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फक्त गणितं सोडवतात. शिक्षक मग फळ्याकडे तोंड करून उभा राहत नाही, मुलांमध्ये फिरतो. कल्पना साधी आहे. अमलात आणताना मात्र माणसं मध्ये येतात.

एक आजोबा आठवतात. नातवाच्या नावाने ॲप उघडून त्यांनी आठवीचा अख्खा इतिहास पाहिला, सगळ्या प्रश्नमंजूषा सोडवल्या आणि मग शाळेत येऊन नातवाचं नव्हे, स्वतःचं प्रगतिपत्रक मागितलं. नातू तेवढा वेळ दाराबाहेर उभा होता. मी आजोबांना छापून दिलं. चांगले गुण होते. एका आईची तक्रार होती की तिच्या मुलाच्या नावापुढचं वर्तुळ हिरवं होत नाही, आणि शेजारणीच्या मुलाचं होतं. त्यात शिकण्याचा विषय निघालाच नाही, रंगावरच बोलणं संपलं.

तर, आलेख. ॲप प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख काढतं. मुलं जो भाग ओलांडून पुढे जातात तिथे रेघ खाली येते. जो भाग मागे नेऊन पुन्हा पाहतात तिथे वर चढते. बनवारीजींच्या अपूर्णांकांच्या वजाबाकीच्या पाठात रेघ बराच वेळ सरळ चालली होती आणि मधोमध एकदम उंटाच्या पाठीसारखी वर गेली होती. गेल्या वर्षीच्या सहावीत तशीच, यंदाच्या सहावीतही तशीच, त्याच जागी.

पुनीतचं म्हणणं असं की उंचवटा म्हणजे गोंधळ. मुलांना कळत नाही म्हणून ती मागे जातात. त्याच धड्याचा त्यांच्या कंपनीचा तयार व्हिडिओ आहे, त्यात फळा नाही, रंगीत चित्रं हलतात, त्याची रेघ सपाट असते. शाळेने गणिताचे सगळे पाठ त्यांचे घ्यावेत. मग वर्गात लक्ष ठेवायला एखादी नवी शिक्षिका पुरेल. माथुर मॅडम कठोर बाई नाहीत, पण वर संचालक मंडळ आहे आणि मंडळाला आलेख आवडतात. त्या म्हणाल्या की असं झालं तर बनवारीजींना बसव्यवस्थेकडे घेता येईल, तिथे विश्वासू माणूस हवाच आहे. स्वातंत्र्यदिनानंतर ठरवू.

बनवारीजींच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडू असतो, खिशाचा तळ पांढरा झालेला असतो. त्या खिशावर त्यांनी एकदा हात ठेवला आणि काढला. वीसहून जास्त वर्षं त्यांनी या शाळेत गणित शिकवलं आहे. आत्ताच्या काही मुलांचे आईवडीलही त्यांचे विद्यार्थी.

मी महिनाभराचा वेळ मागून घेतला. बनवारीजींची बाजू घ्यायची म्हणून नाही, तेव्हा तरी नाही. मला तो उंचवटा स्वस्थ बसू देत नव्हता. दोन वेगळ्या वर्षांची मुलं, एकमेकांना न विचारता, एकाच जागी मागे कशी जातात?

तिथे काय आहे हे मला ठाऊक होतं, कारण तो पाठ मीच चित्रित केला होता. चित्रणासाठी माझी एक तपासयादी आहे: पंखा बंद, खिडकी बंद, चित्रणाचा सोडून बाकी मोबाइल खोलीबाहेर, फळा ओल्या फडक्याने पुसलेला, चूक झाल्यास पुन्हा चित्रण. त्या दिवशी शेवटची ओळ पाळता आली नव्हती. दुसऱ्या दिवशी शहरात मोठी भरती परीक्षा होती आणि पेपर फुटू नये म्हणून मोबाइल इंटरनेट बंद राहणार होतं. मुलांना त्याच संध्याकाळी पाहता यावा म्हणून पाठ दुपारीच ॲपवर चढवायला हवा होता. बनवारीजी दुसऱ्या वर्गावरून धावत आले, तयारी करून आणलेला कागद मागेच राहिला, आणि त्यांनी उभ्या उभ्या एक गणित रचलं. सव्वापाच मीटर कापड आहे. त्यातून पावणेतीन मीटर कापून दिलं. किती उरलं?

पाचातून दोन गेले, तीन, असं त्यांनी लिहिलं. मग पाव आणि पाऊण यांच्याशी आले आणि पाऊणातून पाव वजा केला. उरला अर्धा. उत्तर साडेतीन. ही चूक सहावीतलं अर्धं जग करतं: वजा करायचा अपूर्णांक मोठा असला की गुपचूप उलटीकडून वजा करायचं. आणि मग बनवारीजी थांबले. खडू वर धरलेला, मान तिरकी. "रुको," ते म्हणाले. "पौने तीन काटे, साढ़े तीन बचे. दोनों जोड़ो तो सवा छह. कपड़ा तो सवा पाँच था. यह मीटर कहाँ से आया?" मग ते स्वतःशीच पुटपुटत मागे गेले, पावाशी आले, पाचातला एक मोडून त्याचे चार पाव केले, आणि अडीच मीटरवर उतरले. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून कसनुसं हसले. चित्रण संपताच म्हणाले, हे पुन्हा करू. मी म्हटलं, वेळ नाही, नंतर करू. राहिलेल्या कामांच्या यादीत लिहून ठेवलं: बनवारीजी, अपूर्णांकांची वजाबाकी, पुन्हा चित्रण. त्यानंतर ते मला जिन्यात भेटले की आठवण करून देत. मीच पुढे ढकलत राहिले, रोज त्याहून मोठं काही तरी मोडलेलं असायचं.

म्हणजे चूक आहे म्हणून मुलं गोंधळतात, इतकं सरळ असणार, असं मलाही वाटलं. पण गोंधळलेलं मूल व्हिडिओ बंद करतं. मागे नेत नाही. हे मी इतक्या वर्षांत पाहिलेलं आहे.

मुलांना विचारलं. त्याचा उपयोग झाला नाही. शिक्षकाबद्दल शिक्षिकेने विचारलं तर मुलं जे सांगतात तेच त्यांनी सांगितलं: "बहुत अच्छा है मॅम, सब समझ आ गया." मग मी दुसरा मार्ग काढला. सहावीच्या एका तुकडीचा संगणकाचा तास माझ्याकडे असतो. मी म्हटलं, आज घरचा व्हिडिओ इथेच पाहा, कानाला हेडफोन लावा. आणि मी मागच्या भिंतीशी खुर्ची घेऊन बसले. मागून सगळे पडदे दिसतात.

पाहण्यासारखं होतं. बनवारीजी थांबले की जवळजवळ प्रत्येक मूल थांबत होतं. कुणी मागे नेत होतं, कुणी चित्र गोठवून फळ्याकडे बघत होतं. खिदळत कुणीच नव्हतं. आर्या नावाची मुलगी तर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावत होती आणि ओठ हलवत होती. आर्याचे वडील सैन्यात सुभेदार, गाव साताऱ्याकडचं, राहायला छावणीत. गणपतीत आम्ही मराठी कुटुंबं एकत्र जमतो, त्यामुळे ती मला शाळेत मॅम म्हणते आणि बाहेर काकू. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि हळू विचारलं की इथे कळत नाही का.

तिने इकडे तिकडे बघितलं आणि मराठीत आली. "उत्तर येतं काकू. अडीच. ते तर आधीच येतं."

"मग काय बघतेस?"

"सर चुकतात ना. मतलब, त्यांना कोणी सांगत नाही की चुकलं. तिथे कोणीच नाहीये. मग त्यांना कसं कळतं, ते बघते."

मी जागेवर परत गेले आणि वहीत एवढंच लिहिलं: चुकलं हे कसं कळतं. प्रश्नचिन्ह घालावं की नाही, हे मला ठरवता येईना.

विचार करा. मुलाचं उत्तर चुकलं हे त्याला कोण सांगतं? शिक्षक, उत्तरसूची, ॲपवरची लाल फुली. फुली क्षणात येते, हे तर आम्ही पालकसभेत अभिमानाने सांगतो. पण कुणीही न सांगता, नुसतं आपल्या उत्तराकडे बघून "हे जमत नाही" असं वाटणं, आणि मग ताळा करून मागे जाणं, हे मुलांना बघायला मिळतं कुठे? तयार व्हिडिओत चूक होत नाही. आमच्या व्हिडिओत होत होती, पण ती मी कापत होते. हिंदीच्या, विज्ञानाच्या, भूगोलाच्या शिक्षकांचे असे कितीतरी अडखळलेले तुकडे माझ्या यादीच्या शेवटच्या ओळीने खाल्ले. ते कुठेही साठवलेले नाहीत. ही हळहळ मला आजही आहे.

मी उत्साहाने हे सगळं बनवारीजींना सांगायला गेले. शिक्षकांच्या खोलीत ते डबा उघडून बसले होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांना माझ्या बोलण्यातलं एकच ऐकू आलं: त्यांची चूक दोन वर्षांच्या सहावीतली मुलं आपापल्या घरी पुन्हा पुन्हा चालवून बघतात.

"मॅडम, वह वीडियो हटा दीजिए," ते म्हणाले. "बस का काम मैं कर लूँगा."

मी म्हटलं की हटवला तर तुमच्या बाजूने दाखवायला माझ्याकडे काही उरत नाही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मेरे पढ़ाए हुए बच्चों के बच्चे हैं ये. घर में माँ-बाप भी साथ बैठते होंगे."

एवढ्या वर्षांत त्यांना कधी फळ्यावर चुकताना कुणी पाहिलं नव्हतं, असं नाही. पण फळा पुसता येतो. व्हिडिओ त्यांना पुसता येत नव्हता, आणि पुसण्याची चावी माझ्याकडे होती. मी त्यांना एकच मागणं घातलं: तुमच्या सहावीच्या तासाला मला मागे बसू द्या. माझ्याबरोबर माथुर मॅडम आणि पुनीतही येतील. त्यानंतर तुम्ही म्हणाल तर मी स्वतः तो काढून टाकीन. ते हो म्हणाले.

तो तास ऑगस्टच्या सुरुवातीचा. आम्ही तिघं शेवटच्या बाकावर, गुडघे बाकाला टेकलेले. खरं सांगायचं तर काय दिसेल याची मला खात्री नव्हती. बनवारीजींनी फळ्यावर एक वजाबाकी लिहिली, साडेआठातून पावणेचार, आणि पाठीमागच्या बाकावरच्या एका मुलाला बोलावलं. मुलगा आला. आठातून तीन, पाच. मग पाऊणातून अर्धा वजा केला, उरला पाव. सव्वापाच. शेजारी पुनीतने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

मुलगा खडू ठेवायला वळला, आणि थांबला. खडू वर धरला, मान तिरकी केली. "रुको," तो म्हणाला, अगदी बनवारीजींच्या सुरात. वर्ग हसला. बनवारीजींचे खांदे ताठ झाले, मागून स्पष्ट दिसलं. मुलाचं मात्र हसण्याकडे लक्ष नव्हतं, तो नक्कल करतच नव्हता. त्याने पावणेचार आणि सव्वापाच बाजूला लिहिले, बेरीज केली, नऊ आली. मूळ आकडा साडेआठ. तो पुटपुटत मागे गेला, तळहाताने पुसलं, आठातला एक मोडला, आणि पावणेपाच लिहिलं.

बनवारीजींनी त्याला विचारलं की हे जोडून बघायला कुणी शिकवलं.

"आपने ही, सर. वीडियो में."

"वीडियो में तो मैंने गलती की थी."

"हाँ सर," मुलगा म्हणाला. "वही वाली."

पुन्हा हशा झाला, आणि या वेळी बनवारीजींना हसू आवरेना. त्यांनी खिशातला खडू काढून त्या मुलाला दिला आणि आणखी एक गणित सोडवायला सांगितलं.

पुनीत प्रामाणिक मुलगा निघाला. बाहेर व्हरांड्यात त्याने लॅपटॉप उघडून आपल्या कंपनीच्या पाठाची सपाट रेघ पुन्हा पाहिली आणि म्हणाला की आमच्या व्हिडिओत कुणी थांबतच नाही, म्हणून सपाट आहे, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. बनवारीजींचा तुकडा कंपनीत दाखवायला मिळेल का, असंही त्याने विचारलं. बनवारीजींनी नम्रपणे नकार दिला. स्वातंत्र्यदिनानंतरची बैठक थोडक्यात आटोपली. तयार पाठ फक्त भूमितीच्या आकृत्यांसाठी घ्यायचे, बनवारीजी गणितावरच राहणार, बससाठी दुसरा माणूस बघायचा. व्हिडिओ काढू का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, राहू द्या.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण शाळेत एखादी गोष्ट चांगली आहे असं ठरलं की तिचं परिपत्रक निघतं. माथुर मॅडमनी सूचना काढली की यापुढे प्रत्येक शिक्षकाने प्रत्येक पाठात निदान एक चूक करावी आणि ती दुरुस्त करून दाखवावी. माझ्या तपासयादीतली शेवटची ओळ बदलली: चूक केली का?

तो पंधरवडा मी विसरणार नाही. विज्ञानाच्या मॅडमनी पाण्याचं सूत्र चुकीचं लिहून कपाळावर हात मारला. भूगोलाच्या सरांनी अरवली पर्वत राजस्थानातून उचलून पूर्वेला ठेवला आणि "अरे!" म्हणून दचकले. मुलांनी ते भाग सरळ ओलांडले, रेघ खाली गेली. एका मुलीने ॲपवर शेरा लिहिला, "मॅम, ॲक्टिंग थोड़ी कम." एका वडिलांनी शाळेत येऊन विचारलं की आम्ही फी भरतो ती चुका शिकवण्यासाठी का. बनवारीजींनीही एकदा ठरवून चुकायचा प्रयत्न केला. त्यांना ते इतकं अवघड गेलं की खऱ्या चुकीइतका घाम आला, आणि मुलांनी त्यांनाही ओळखलं. सूचना मागे घेतली गेली. मी यादीतली शेवटची ओळ खोडली. तिथे आता काय लिहावं, हे अजून सुचलेलं नाही. "पुन्हा चित्रण" नको, "चूक करा" नको, आणि "चूक झाली तर होऊ द्या" असं लिहिलं की शिक्षक तीही ठरवून होऊ देतात.

आता या गोष्टीतलं राहिलेलं काम. कंपनी ॲप बदलते आहे. आमचे जुने पाठ मोबाइल उभा धरून घेतलेले, नव्या ॲपला आडवे हवेत. शैक्षणिक वर्ष संपलं की जुनं बंद. सगळे पाठ पुन्हा चित्रित करायचे होते, आणि मी यादी करून एकेक करत आणले. दिवाळीच्या सुट्टीआधी एक सोडून सगळ्यांसमोर खूण झाली.

बनवारीजींची हरकत नाही. ते दर शुक्रवारी शेवटच्या तासानंतर येतात, स्वतः फळा ओल्या फडक्याने पुसतात, पंखा बंद करतात. सव्वापाच मीटर कापडाचं ते गणित आता त्यांना झोपेतही चुकणार नाही. आम्ही वेगळे आकडे घेऊन पाहिले, कापडाऐवजी तूप घेतलं, दूध घेतलं. ते सगळं अचूक सोडवतात. एकदा मी त्यांना न सांगता तासाच्या मध्येच बोलावून घेतलं. तर जिना चढता चढता त्यांनी मनात गणित रचून, ताळाही करून ठेवला होता. उंचवटा येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

परवाच्या शुक्रवारी ते आले, खडू हातात घेऊन उभे राहिले. "आज हो जाए, मॅडम?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. सदरा इस्त्रीचा होता, खिशात घडी घातलेला कागद.

"आज नको," मी म्हटलं. "आज तुम्ही तयारी करून आलात."

त्यांनी हसून खडू खिशात टाकला. मी कामांची यादी उघडली. ओळ पहिल्यापासून होती तशीच आहे: बनवारीजी, अपूर्णांकांची वजाबाकी, पुन्हा चित्रण. पुढचा चौकोन रिकामा.